पाकिटात निघालेल्या खड्याची किंमत किती?

पावसाळा लागला की जव्हार तालुक्यातील दाभोसा धबधब्याकडे पर्यटकांची रीघ लागते. वाटेवरच्या टपऱ्यांवर वेफर्स, बिस्किटे, थंड पेये हातोहात खपतात. हीच पाकिटे आता पाड्यावरच्या मुलांच्याही हातात दिसतात. अशा पाकिटात खडा, काच, तार किंवा अळी निघाली तर? बहुतेक जण दुकानदाराला चार शब्द सुनावतात, फार तर पाकीट बदलून घेतात आणि विषय संपवतात. कायद्याने मात्र तो तिथे संपत नाही.

आधी आरोग्याचा विचार. गिळलेली लहान, गुळगुळीत वस्तू बहुधा काही दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. काच, तार, टोकदार तुकडा किंवा बटण सेल यांची गोष्ट वेगळी. अन्नात ७ ते २५ मिलिमीटर लांबीची टणक वा अणकुचीदार वस्तू असणे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन धोक्याचे मानते. लहान मुले आणि वृद्धांना त्याहून लहान तुकडाही इजा करू शकतो. गिळताना दुखणे, लाळ गळणे, पोटात कळा किंवा रक्त अशी लक्षणे असतील, तर मुद्दाम उलटी करवू नये. थेट रुग्णालय गाठावे. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयातला केसपेपर हा उपचाराचा कागद असतो, तसाच पुढे पुरावाही ठरतो.

वस्तू अन्नात नेमकी कधी शिरली, हा भरपाईच्या वादातला कळीचा प्रश्न. कारखान्यातले मेटल डिटेक्टर धातू पकडतात; काच, लाकूड, प्लास्टिक त्यांतून निसटते. किड्याच्या बाबतीत प्रयोगशाळा त्याच्या शरीरातील विकरे तपासते. अन्नाबरोबर किडा तापला असेल, तर ही विकरे नष्ट झालेली असतात. ती शाबूत असतील, तर किडा नंतर शिरल्याची शक्यता वाढते. काळ लोटला की विकरे आपोआपही क्षीण होतात. म्हणून वस्तू धुऊ-पुसू नये. उरलेल्या अन्नासह ती स्वच्छ डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवावी आणि बॅच क्रमांक, तारीख असलेले वेष्टन जपावे.

पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. जून २०२४ मध्ये मुंबईत मालाडच्या एका डॉक्टरने ऑनलाइन मागवलेल्या आइस्क्रीम कोनमध्ये माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला. पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि डीएनए चाचणीत तो तुकडा इंदापूरच्या कारखान्यातील कामगाराच्या बोटाचा असल्याचे निष्पन्न झाले. याउलट २००५ मध्ये कॅलिफोर्नियात एका महिलेने उपाहारगृहातल्या पदार्थात बोट सापडल्याचा दावा केला. ते तिनेच टाकले होते, हे तपासात उघड झाले आणि तिला ९ वर्षांची शिक्षा झाली. ‘पैसे द्या, नाहीतर व्हिडिओ टाकतो’ हा मार्ग त्यामुळे नुकसानीचाच.

आता पैशांचे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५४ नुसार बाह्य पदार्थ असलेले अन्न विकल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो. पण तो सरकारजमा होतो, ग्राहकाला मिळत नाही. ग्राहकासाठी कलम ६५ आहे: मृत्यू झाल्यास वारसांना किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत आणि इतर इजांना १ लाखापर्यंत भरपाई.

इजा झाली नाही, तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे दाभोशाला आलेल्या ठाणेकराला पालघरला खेटे घालावे लागत नाहीत. पाकीट वडिलांनी घेतले आणि खाल्ले मुलाने, तरी ते मूलही ग्राहकच ठरते.

मग रास्त भरपाई किती? पाकीट १० रुपयांचे म्हणून १० रुपये परत, हे रास्त नव्हे. औषधोपचार, प्रवास, बुडालेली मजुरी, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च यांचा हिशेब मांडावा. मात्र काहीच न खाता-गिळता नुसता खडा दिसला म्हणून लाखोंची मागणी केल्यास ती टिकणे कठीण. कंपनीने भेटवस्तूंचा डबा देऊ केला, तर सही करण्याआधी कागद वाचावा. सापडलेली वस्तू कंपनीच्या माणसाच्या हाती सोपवू नये. द्यावीच लागली, तर फोटो काढून लेखी पोच घ्यावी.

टपरीवाल्यावर तुटून पडणेही बरोबर नाही. मुदत संपलेला किंवा अस्वच्छ जागी ठेवलेला माल विकला, अथवा तो कुठून आणला हे सांगता आले नाही, तर विक्रेता जबाबदार असतो. एरवी सीलबंद पाकिटातल्या दोषाचा जाब उत्पादकाला द्यावा लागतो. २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या, तेव्हा कंपनीने दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखवले होते; पण पुढे वेष्टन बदलून अधिक घट्ट केले ते कंपनीनेच.

त्यासाठी बिल हवे. लहान दुकानातही ते मागावे. निदान मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद ठेवावी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००२२२३६५ आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हे क्रमांक टिपून ठेवावेत. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे वेळेत तक्रार गेली, तर त्याच बॅचची इतर पाकिटे तपासता येतात. एकाला मिळालेल्या भरपाईपेक्षा ही तपासणी मोठी, कारण पुढचे पाकीट कुणाचे मूल फोडणार आहे, हे कुणालाच ठाऊक नसते.