सुरकुत्या, सरस आणि पेप्टाइड
(द्वितीय वर्ष कला)

अलिबागच्या बाजारपेठेत सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात सहज डोकावले, तरी 'पेप्टाइड' हा शब्द छापलेल्या दोन-चार बाटल्या दृष्टीस पडतातच. त्वचा घट्ट होईल, सुरकुत्या जातील, चेहऱ्याची आग शांत होईल, अशी त्यांची आश्वासने. एवढ्याशा बाटलीला सहाशे-सातशे रुपये पडतात. आमच्या वर्गात या बाटल्यांची चर्चा पुष्कळ होते. पण पेप्टाइड म्हणजे काय, हे विचारले की सगळ्या गप्प. मी कला शाखेची विद्यार्थिनी, शास्त्राशी माझा संबंध दहावीपर्यंतचाच. तरीही पैसे मोजण्यापूर्वी वस्तू समजून घ्यावी, या विचाराने वाचनालयात बसून जे कळले ते येथे मांडत आहे.

आपल्या त्वचेचे ढोबळमानाने दोन थर. वरचा पातळ, खालचा जाड. खालच्या थरातील पाणी वगळले तर उरलेल्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो. हे नाव सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. सुतार वापरतो तो जुन्या पद्धतीचा सरस कातडी व हाडे उकळून करतात, म्हणजे तो कोलॅजनपासूनच निघालेला. या कोलॅजनची घडण उलगडण्याचा मान एका भारतीयाकडे जातो, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ती जगापुढे मांडली. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरा वापरली होती! कोलॅजनचे तीन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात. आपल्याकडे काथ्याचा तीन पदरी दोर वळतात, अगदी तसे.

यातील प्रत्येक धागा म्हणजे अमिनो आम्लांची माळ. हजाराच्या आसपास मणी ओवले की कोलॅजनचा एक धागा होतो. दोन, तीन, पाच असे थोडेच मणी असले की त्या तोकड्या माळेला पेप्टाइड म्हणतात. अशा माळा पूर्वी प्रयोगशाळेत तयार करणे अत्यंत जिकिरीचे होते. १९६३ साली अमेरिकेतील ब्रूस मेरिफिल्ड यांनी युक्ती काढली. पहिला मणी राळेच्या बारीक गोळीला चिकटवायचा, मग एकेक मणी जोडत जायचे, प्रत्येक वेळी नको ते धुऊन टाकायचे, आणि शेवटी माळ गोळीपासून सोडवायची. या कामासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज मलमात पडणारी पेप्टाइडे साधारण याच रीतीने कारखान्यात बनतात.

आता इतक्या लहान माळेने त्वचा घट्ट कशी होईल? यामागची कल्पना मला फार आवडली. कोलॅजन तुटते तेव्हा त्याचे तुकडे त्वचेतच पडतात. हे तुकडे पाहून जवळच्या पेशींना जणू निरोप मिळतो की, मोडतोड झाली आहे, नवे कोलॅजन तयार करा. १९९३ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, कोलॅजनच्याच मूळ रेणूतील पाच मण्यांचा तुकडा काचपात्रातील पेशींना दिला असता त्या अधिक कोलॅजन बनवू लागतात. म्हणजे मलमातील पेप्टाइड हे कोलॅजनची भर घालत नाही. ते मोडतोडीची खोटी वर्दी देते. याहून जुने पेप्टाइड तीन मण्यांचे, तांब्याशी जोडी जमवणारे. ते लॉरेन पिकार्ट यांना १९७३ साली मानवी रक्तद्रवात सापडले होते. दाह शमवण्यासाठी घालतात ती पेप्टाइडे निराळी. पेशी एकमेकींना देत असलेला दाहाचा निरोप त्यांनी कमी करावा, ही अपेक्षा.

काचपात्रातील पेशी उघड्या असतात, आपल्या नसतात. त्वचेच्या वर मृत पेशींचा चिरेबंदी थर आहे, आणि रेणुभार पाचशेच्या पुढे गेला की त्यातून शिरकाव कठीण होतो. पाच मण्यांच्या त्या पेप्टाइडला पाण्याऐवजी तेलात मिसळणे सोपे जावे म्हणून पामिटिक आम्लाची शेपटी जोडतात. पण तेवढ्याने त्याचा रेणुभार आठशेवर जातो. तरी काहीच होत नाही असे नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३५ ते ५५ वयाच्या ९३ गोऱ्या स्त्रियांनी बारा आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडयुक्त आणि दुसऱ्या बाजूला तेच, पण पेप्टाइडविरहित मलम लावले. पेप्टाइडच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या थोड्या कमी झाल्या. मलमात पेप्टाइडचे प्रमाण होते दहा लाखांत तीन भाग, म्हणजे तीस ग्रॅमच्या डबीत बारीक मिठाच्या एक-दोन कणांएवढे. ही चाचणी प्रसाधने विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांची, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. थळ, नवगाव, रेवदंडा, कोर्लई येथे पावसाळा सरला की बायका दिवस दिवस उन्हात बोंबील टांगतात, जवळा पसरतात. माझी आईही त्यांतलीच. चाळिशी नुकतीच ओलांडली आहे, पण परगावचे लोक तिला माझी आजी समजतात. तिच्यासाठी एक बाटली घेऊ का, असे विचारले तर म्हणाली, "मना कनाला?" मी मात्र हिशेब करत राहिले. सूर्याचे अतिनील किरण त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोचतात आणि तेथे कोलॅजन तोडणारी विकरे वाढवतात. त्यात कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. नुसता डोक्यावर पदर घेऊन ते चुकत नाहीत. शिवाय आपल्या सावळ्या वर्णात उन्हाची खूण सुरकुत्यांच्या आधी वांग आणि काळ्या डागांच्या रूपाने उमटते, आणि कोलॅजनसाठी केलेली ही पेप्टाइडे वांगावरचे औषध नव्हेत. अशा उन्हात राबणाऱ्या बाईने पेप्टाइड लावणे म्हणजे होडीचे भोक न बुजवता पाणी उपसत बसणे.

भोक बुजवता येते याला आधार आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर गावी १९९२ ते १९९६ या काळात ९०३ प्रौढांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. रोज ऊनरोधक मलम लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्के कमी दिसले. तीही माणसे गोरीच, पण किरण तेच. अडचण खर्चाची. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढे मलम हवे, घामाने जाते म्हणून पुन्हा लावायला हवे; पन्नास ग्रॅमची नळी महिनाभरसुद्धा पुरत नाही. म्हणून आमच्या घरी सध्या लांब बाह्यांचा सदरा, नाक झाकेल असा सुती रुमाल आणि रुंद काठाची टोपी एवढेच आले आहे. टोपीला आई आधी हसली, आता घालते. बंदरावर मासळी निवडायच्या जागेवर छप्पर झाले तर याहून मोठी सोय होईल, कारण मासळी वाळवायला ऊन लागते, निवडायला लागत नाही.