डॉलरचं कर्ज खरंच स्वस्त असतं का?

आजचा एपिसोड आहे इंटरनॅशनल फायनान्सवर. बीटेकच्या शेवटच्या वर्षाला मी हा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेतला होता. कारण एकच, मार्क सुटतात असं सीनियर म्हणाले होते. कामाला मात्र तो आत्ता आला.

झालं असं, सांगलीहून मावसभावाचा फोन आला. "दादा, अमेरिकेत एमएसला ॲडमिशन मिळाली. दोन कर्जं मिळतायत. रुपयातलं ११ टक्क्यांनी, डॉलरमधलं ९ टक्क्यांनी. डॉलरचंच घेतो ना? सरळ दोन टक्के वाचतात." हप्ते थकले तर भार काकांवर येणार, आणि ते तीन वर्षांत रिटायर होतायत. म्हणून म्हटलं, थांब जरा, सही करू नकोस.

या कोर्समध्ये काय शिकवतात? चलनाचा दर कसा ठरतो, देशाच्या येण्या-जाण्याचा हिशोब म्हणजे बॅलन्स ऑफ पेमेंट्स, आणि दर हलला की होणारं नुकसान कसं आवरायचं. पण सगळ्यात कामाचा धडा म्हणजे इंटरेस्ट रेट पॅरिटी. साध्या मराठीत सांगायचं तर दोन देशांच्या व्याजदरात जो फरक असतो, साधारण तेवढंच जास्त व्याजाचं चलन पुढे घसरेल असं बाजार धरून चालतो. म्हणजे व्याजात वाचलेले दोन टक्के डॉलर महागल्यामुळे परत जाऊ शकतात.

आता आपला हिशोब बघा. २०१४ च्या मध्यात डॉलर साधारण ६० रुपयांना होता. २०२४ च्या शेवटी ८५ रुपयांना. म्हणजे दरवर्षी सरासरी तीन टक्क्यांहून थोडा जास्तच महागला. ९ मध्ये ३ मिळवा, झाले १२! पुढेही असंच होईल याची गॅरंटी कोणी देत नाही, पण "स्वस्त" हा शब्द इथेच गळून पडतो.

मोठमोठ्या कंपन्याही यात फसल्यात. थायलंडमध्ये १९९७ पर्यंत सरकारने डॉलरचा दर साधारण २५ बाटला धरून ठेवला होता. दर हलणारच नाही, या भरवशावर तिथल्या कंपन्यांनी कमी व्याजाची डॉलर कर्जं उचलली. कमाई मात्र बाटमध्ये. २ जुलै १९९७ ला सरकारने हात सोडला आणि जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५० बाटच्या पार गेला. १० लाख डॉलरचं कर्ज अडीच कोटी बाटचं होतं, ते पाच कोटींच्या वर गेलं. एक पैसाही जास्त उचललेला नसताना! अनेक कंपन्या बुडाल्या, आणि संकट इंडोनेशिया, दक्षिण कोरियापर्यंत पोचलं.

मग करायचं काय? पहिला नियम, ज्या चलनात कमाई, त्याच चलनात कर्ज. ते जमत नसेल तर फॉरवर्ड. समजा, नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला तीन महिन्यांनी युरो मिळणार आहेत. तो बँकेशी आजच दर पक्का करून टाकतो. नंतर युरो वाढला तर जास्तीचा फायदा जातो, पण पडला तरी झोप उडत नाही. डॉलरमध्ये बिल लावून रुपयात पगार देणाऱ्या आयटी कंपन्याही हेच करतात.

मी भावाला एवढंच विचारलं, "हप्ते फेडताना पगार कुठल्या चलनात असेल?" तो म्हणाला, "एच-वन-बी लागला तर डॉलर, नाहीतर परत पुणे." आणि एच-वन-बी म्हणजे लॉटरी! डॉलरचं कर्ज घेऊन पुण्यात आला, तर त्याची गत त्या थाई कंपन्यांसारखी. रुपयाचं कर्ज असेल, तर पुण्यात हप्ता ठरलेला, आणि तिकडे राहिला नि रुपया घसरला तर फेडणं उलट सोपं. त्याने रुपयातलं घेतलं. दोन टक्के जास्त, पण काकांना रोज डॉलरचा भाव बघायला नको.

तुम्हीही बाहेर शिकायला निघाला असाल, तर व्याजदर बघण्याआधी स्वतःला हाच प्रश्न विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!