सातबारा आणि ऑफर लेटर

परदेशातल्या विद्यापीठात अर्ज करणे ही पुण्या-मुंबईच्या मुलांची गोष्ट आहे, असा समज शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत अजून टिकून आहे. या तालुक्यांच्या मातीशी जोडलेली दोन मोठी नावे पाहिली तर तो समज किती अपुरा आहे हे कळते. दौंड तालुक्यातल्या केडगावला ज्यांनी मुक्ती मिशन उभारले त्या पंडिता रमाबाई १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. आणि शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाच्या लढाईची आठवण जपणाऱ्या विजयस्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी ज्यांनी मानवंदना दिली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर तोवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून पदव्या घेऊन आले होते. दोघांच्याही घरी परदेशी शिक्षणाची परंपरा नव्हती, पैसा नव्हता, ओळखीपाळखीचे वर्तुळही नव्हते. तरी ते कसे गेले, हे बारकाईने पाहिले की आजच्या अर्जदाराची खरी अडचण कुठे आहे ते स्पष्ट होते.

रमाबाईंनी प्रवासाचा खर्च ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते, पण श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. तरी त्या लगेच परतल्या नाहीत. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले आणि तिथेच स्वतः इतर विषय शिकल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे बालवाडीच्या फ्रोबेल पद्धतीचा अभ्यास केला. त्याच कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ च्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. आनंदीबाईंच्या प्रवासाची सुरुवात एका पत्राने झाली होती. त्यांचे पती गोपाळराव यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेत छापून आले, ते न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी वाचले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आंबेडकरांच्या बाबतीत कागद अधिक कडक होता. बडोदा संस्थानाने १९१३ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करण्याचा करार लिहून घेतला. १९१७ मध्ये मुदत संपताच लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या बुद्धीबद्दल कधी प्रश्न नव्हता. त्यांना अडवले ते पैशाच्या आणि मुदतीच्या कागदाने.

माझे म्हणणे त्यावरूनच निघते. शिरूर-दौंडच्या मुलाला परदेशी प्रवेशापासून दूर ठेवणारी मुख्य गोष्ट गुण ही नाही, आणि बहुतेक बागायतदार घरांत ती निव्वळ गरिबीही नाही. अशा घराची ऐपत आणि त्या घरातल्या मुलाची हुशारी ज्या कागदांवर नोंदलेली असते, ते कागद परदेशी विद्यापीठाला, दूतावासाला आणि आपल्याच बँकेला वाचता येत नाहीत. वाचता येतील असे कागद तयार करायला दीड-दोन वर्षे लागतात, आणि ते काम आज एकट्या कुटुंबावर सोडलेले आहे.

पैशापासून सुरुवात करू. घोड आणि भीमेच्या काठची पाच-सहा एकर बागायत म्हणजे आजच्या बाजारभावाने मोठी मालमत्ता. पण शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेले की सातबाऱ्याचे मोल एकदम घसरते. बँकांना थकीत कर्जाची वसुली कोर्टात न जाता तारण विकून करण्याचा अधिकार देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. त्याच्या कलम ३१ मध्ये ती स्पष्टपणे वगळली आहे. शेतकऱ्याची जमीन सहजासहजी लिलावात जाऊ नये म्हणून ही तरतूद योग्यच आहे. तिचा दुसरा परिणाम असा की परदेशी शिक्षणाच्या कर्जाला बँका साधारणपणे शेतजमीन तारण घेत नाहीत. फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदतठेव मागतात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारणाची गरज पडत नाही, पण परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च बहुधा त्याच्या कितीतरी वर जातो. गावठाणातले घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुरेसा मानला जात नाही. २०२० पासून राबवल्या जाणाऱ्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत; ज्या घरात मुलगी किंवा मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्या घराने ही पत्रिका आपल्या नावावर बिनचूक आहे का हे आताच पाहावे. शिवाय एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. काही राष्ट्रीयीकृत बँका ठराविक नामांकित विद्यापीठांच्या यादीसाठी तारणाशिवायही मोठे कर्ज देतात. म्हणजे विद्यापीठ कोणते निवडले यावर कर्जाची वाट ठरते, आणि अर्ज करण्याआधी बँकेची यादी पाहणे हे अर्ज करण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

उत्पन्नाचेही असेच. शेतीचे उत्पन्न आयकर कायद्यात करमुक्त आहे, म्हणून अनेक शेतकरी विवरणपत्रच भरत नाहीत. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरता येते आणि करमुक्त उत्पन्न त्यात दाखवता येते. तीन वर्षांची अशी विवरणपत्रे हाताशी असली की बँकेचे बोलणे बदलते. उसाचे बिल, कांद्याची पट्टी, दूध संघाचा हिशेब हे सगळे खऱ्या मिळकतीचे पुरावे आहेत, पण ते बँक खात्यातून गेले तरच. व्हिसाचे नियम याहून काटेकोर आहेत. ब्रिटनला विद्यार्थ्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात ठेवलेली दाखवावी लागते. एक दिवसही ती कमी पडून चालत नाही. आजोबांच्या किंवा चुलत्याच्या खात्यातली रक्कम त्यात धरली जात नाही. एकत्र कुटुंबात व्यवहार बहुधा थोरल्यांच्या नावावर असतो, त्यामुळे घरात पैसा असूनही अर्ज फेटाळला जाण्याची वेळ येऊ शकते. पैसा ज्या संस्थेत आहे तिच्यावर वित्तीय नियामकाचे नियंत्रण हवे, नोंदी संगणकीकृत हव्यात आणि पडताळणी करता यायला हवी, अशीही अट आहे. गावातल्या पतसंस्थेतली ठेव तिथे उपयोगी पडेल असे धरून चालू नये. जर्मनी तर एका वर्षाचा निर्वाहखर्च, सध्या ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, बंद खात्यात आधीच भरून मागते आणि तो दरमहा हप्त्याने विद्यार्थ्याला परत देते. साखर कारखान्याच्या बिलांचे वेळापत्रक आणि व्हिसाचे वेळापत्रक जुळवणे हे नियोजन कुठलाही ब्रोशर शिकवत नाही.

शिक्षणाच्या कागदांत अडचणी लहान दिसतात, पण नेमक्या त्याच ऐनवेळी आडव्या येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतून, मग ते शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय असो की दौंडचे एखादे, पदवी घेणाऱ्याला ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच घ्यावी लागते. जर्मनीत अर्ज करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे; ते मिळायला आठवडे, कधी महिनेही जातात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव, आणि पासपोर्टवर वेगळा क्रम, अशी तफावत महाराष्ट्रात घरोघरी आहे. तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न तर मुळातलाच आहे: ब्रिटन तिच्यावर एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश देते, पण अमेरिकेतली अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आता आपल्या महाविद्यालयांत आली आहे. चौथे वर्ष करायचे की नाही हा निर्णय म्हणूनच तिसऱ्या वर्षाच्या शेवटी घाईने घेऊ नये. शिफारसपत्राची गोष्ट आणखी वेगळी. बरीच विद्यापीठे शिक्षकाला थेट ईमेल पाठवतात आणि तो संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर जावा अशी अपेक्षा धरतात. खासगी जीमेलवरून आलेल्या शिफारशीचे वजन कमी पडते. प्रत्येक प्राध्यापकाला अधिकृत ईमेल पत्ता देणे एवढे साधे काम महाविद्यालयाने केले तर अनेक अर्ज वजनदार होतील.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढे सगळे करायला सल्लागार संस्था आहेतच, पुण्यात पावलोपावली आहेत. आहेत, आणि सगळ्याच अप्रामाणिक नाहीत. पण त्यांची कमाई कुठून होते हे समजून घ्यायला हवे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथली अनेक विद्यापीठे आणि कॉलेजे दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात. जर्मनीची सरकारी विद्यापीठे सहसा देत नाहीत. त्यांतल्या बहुतेकांत शिक्षणशुल्क नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून शुल्क सुरू केले, एवढे ठळक अपवाद. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस अभ्यासक्रमांत निवडक विद्यार्थ्यांना शुल्कमाफी आणि दरमहा १,४०० युरो मिळतात, आणि त्यांचे अर्ज सहसा ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. असे पर्याय विकणाऱ्याला काही मिळत नाही, म्हणून ते तालुक्यापर्यंत पोचत नाहीत. ज्या घराला खर्च सर्वात जड जातो त्याच घराला सर्वात महाग पर्याय दाखवला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. हे चित्र महाविद्यालयांनी बदलायला हवे, कारण त्यांना कमिशनचा स्वार्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेती आणि गाव सोडून हुशार मुले गेली तर इथे काय उरेल? रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, कुरकुंभच्या रासायनिक आणि औषध कारखान्यांत नोकऱ्या आहेत, मग लाखोंचे कर्ज कशाला? यातला दुसरा भाग मला पटतो. ज्या मुलाला इथल्या नोकरीत समाधान आहे त्याला परदेशाचे आमिष दाखवण्याचे कारण नाही. पण रांजणगावात एलजीसारख्या कोरियन आणि फियाटसारख्या इटालियन नावांच्या कंपन्या आहेत. तिथल्या यंत्रांचे आराखडे जिथे बनतात त्या टेबलापर्यंत इथल्या मुलांनीही पोचावे असे वाटणे गैर नाही. आणि जाणारा कायमचाच जातो हेही खरे नाही. रमाबाई परतल्या, आणि केडगावच्या माळावर दुष्काळातल्या निराधार मुलींसाठी जे उभे राहिले त्यात परदेशातला अनुभव आणि तिथे जमवलेली मदत या दोन्हींचा वाटा होता. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या समाजस्थितीवर मराठीत सविस्तर पुस्तक लिहिले, म्हणजे पाहिलेले इथल्या वाचकापर्यंत आणले.

कर्जाच्या धोक्याबद्दलचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो, आणि हल्ली तो वाढला आहे. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीयांना जलद परवाना देणारी योजना बंद केली. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तिथली नोकरी धरून कर्जाचे गणित मांडणे आज धोक्याचे आहे. हप्ता भारतातल्या पगारातून फिटेल का, हा हिशेब आधी मांडावा. फिटत नसेल तर शुल्क नसलेला किंवा शिष्यवृत्ती असलेला अभ्यासक्रम शोधावा, किंवा एक वर्ष थांबावे. आंबेडकरांनाही १९१७ नंतर थांबावे लागले होते.

शिष्यवृत्त्यांकडे म्हणूनच सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ जणांना शुल्क, निर्वाहभत्ता, विमानभाडे आणि विमा देते. मराठा समाजासाठी सारथी या शासकीय संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे, इतर मागास वर्ग आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि जात न पाहता कर्जरूपाने मदत करणारी जमशेटजी टाटांची जे. एन. टाटा एन्डावमेंट १८९२ पासून चालू आहे. शासकीय योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट असते, आणि बिनशर्त ऑफर लेटर लागते. इथेच वेळेचा फास बसतो. जाहिरात आली की काही आठवड्यांत अर्ज भरायचा असतो, तर ऑफर मिळवायला आधीचे वर्ष खर्ची पडते: सप्टेंबरच्या प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, ट्रान्सक्रिप्ट पावसाळ्यात, शिफारसपत्रे आणि उद्दिष्टपत्र दिवाळीपर्यंत, अर्ज डिसेंबर-जानेवारीत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि पासपोर्ट हे तीन कागद तर या सगळ्याच्याही आधी हातात हवेत. म्हणजे २०२७ च्या सप्टेंबरमध्ये ज्याला जायचे आहे, त्याची आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी २०२६ च्या फेब्रुवारीतच सुरू झालेली असायला हवी.