कुत्रा पाळताय? आधी घर पाहा

माझ्या दवाखान्यात घरचाच कुत्रा चावलेली मुलेही येतात. म्हणून रॉटवायलर घ्यायला निघालेल्यांना मी आधी विचारतो, घरात कोण कोण आहे? ही जात जर्मनीत गुरे हाकण्यासाठी वाढवली गेली. नर ५० किलोपर्यंत भरतो. त्याला लहानपणापासून शिस्त आणि रोज भरपूर फिरणे लागते. नुसता साखळीला बांधला तर चिडका होतो. घरात तान्हे मूल, म्हातारी माणसे असतील आणि हाताशी वेळ नसेल, तर शांत आईचे गावठी पिल्लू बरे. मूल मात्र कोणत्याही कुत्र्याजवळ एकटे सोडू नका. कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी टोचा. चावलाच, तर जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवा, हळद-चुना भरू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.