गणपती बोटीत कधी चढला?

27 ऑगस्ट 2025. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि नेमकं त्याच दिवशी अमेरिकेचं जादा 25 टक्के शुल्क लागू होऊन बऱ्याच भारतीय मालावरचा बोजा 50 टक्क्यांवर गेला. मग पेणहून तिकडे गेलेल्या गणपतींना याचा फटका किती बसला?

पटकन उत्तर देऊ नका. पेण, हमरापूर, जोहे इथून बोटीने जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी निघतात. 27 तारखेला त्या तिकडच्या मखरांत बसलेल्या होत्या. (एप्रिलपासूनचं 10 टक्के शुल्क काहींना वाटेत गाठू शकत होतं, ते वेगळं.) खरा प्रश्न पुढच्या वर्षीच्या ऑर्डरींचा. माल पोचेल तेव्हा शुल्क किती असेल, हे ना पेणचा कारखानदार सांगू शकत, ना तिकडचा दुकानदार.

आता तिथून रोह्याला या. धाटावच्या एमआयडीसीत रसायनं आणि रंगद्रव्यं बनतात. परदेशी ऑर्डर हुकली तर मूर्तिकार त्याच साच्यातून मुंबई-पुण्यासाठी मूर्ती काढू शकतो. भाव कमी मिळेल, पण हंगाम वाया जात नाही. रिअॅक्टरचं तसं नाही. एकदा बसवला की त्यातला पैसा अडकला. म्हणून उद्याचा दर माहीत नसेल तर माणूस नवा प्लांट टाकतच नाही, थांबतो. कारखाना बंद पडला तर बातमी होते. न उभारलेल्या प्लांटची आणि न लागलेल्या नोकऱ्यांची होत नाही.

ही नुसती अटकळ नाही. काइल हँडली आणि नुनो लिमाओ यांचा 2017 चा पेपर जरूर वाचा. चिनी मालाला अमेरिकेत कमी शुल्काची सवलत आधीपासून होती, पण ती दर वर्षी नव्याने मिळवावी लागे. डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि सवलत कायमची झाली. प्रत्यक्ष दर फारसा बदलला नाही, गेली ती टांगती तलवार. 2000 ते 2005 मधल्या निर्यातवाढीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग या दोघांच्या हिशेबाने तेवढ्यानेच आला.

म्हणजे मुक्त व्यापार मोजताना शुल्क किती एवढंच बघून भागत नाही, ते किती वाढू शकतं हेही बघावं लागतं. संघटनेला वचन दिलेली कमाल मर्यादा म्हणजे 'बांधील दर', प्रत्यक्षात आकारतात तो 'लागू दर'. भारताचा सरासरी बांधील दर सुमारे 50 टक्के, लागू 16-17. या फटीतून आपणही दर हलवतो: खेळण्यांवरचं शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. अमेरिकेचा सरासरी बांधील दर साधारण साडेतीन टक्के, तरी तिने 50 लावले. आणि दाद मागायची तर संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे.

त्यामुळे 'मुक्त व्यापाराचं भवितव्य' असा विषय घेऊन गेलात तर गाइड पहिल्याच भेटीत परत पाठवतील. 'अनिश्चितता वाढल्यावर ऑर्डर किती उशिरा येते' यावर काम होऊ शकतं. पण अडचण डेटाची. रंगद्रव्यांना निदान 320417 हा स्वतःचा कोड आहे. प्लास्टरच्या मूर्ती 6809 मध्ये प्लास्टरच्या इतर वस्तूंत मिसळून जातात. शिवाय निर्यातीच्या आकड्यांवरून माल कधी गेला ते कळतं, ऑर्डर कधी आली ते नाही. ती तारीख कारखानदाराच्या वहीत असते. त्यासाठी हमरापूरला जाऊन बसावं लागेल, आणि तेही विसर्जनानंतर. त्याआधी तिथे कुणाला बोलायलाही फुरसत नसते.