हार्वेस्टर थांबवण्याची वेळ

ऑक्टोबरात लातूरकडच्या शिवारात दुपारी सोयाबीनची शेंग नुसती चिमटीत धरली तरी तडकते. सकाळी दवानं मऊ पडलेलं पीक ऊन चढलं की खडखडीत वाळतं. हार्वेस्टर सगळ्यात जोरात चालतो तो याच वेळी, आणि आगीचा धोकाही याच वेळी सर्वांत जास्त.

सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात, त्यामुळे कटरबार अगदी माती घासून चालवावा लागतो. पिकाबरोबर धूळ आत जाते; एखादा दगड पात्यात सापडला तर ठिणगीही उडते. ड्रममध्ये मळणी होताना शेंगांवरची बारीक लव आणि पानांचा चुरा मोकळा होतो. तो यंत्राभोवती तरंगत राहतो आणि बसतो नेमका नको तिथे: सायलेन्सरच्या बुडाशी, टर्बोभोवती, रेडिएटरच्या जाळीवर, वायरींच्या जुडग्यावर. भारात चालणाऱ्या इंजिनाचा टर्बो चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतो. वाळलेलं भुसकट पेटायला त्याहून बरीच कमी उष्णता पुरते. त्यात डिझेलची नळी पाझरत असली तर विचारायलाच नको.

चांगला ऑपरेटर कसा ओळखावा, हे मी बांधावर उभं राहून शिकलो. पंजाबातून आलेला एक चालक टाकी रिकामी करायला थांबला की दर वेळी खाली उतरायचा. इंजिन बंद करून, सगळे पट्टे थांबल्यावर, एकेका बेअरिंगजवळ हाताची मागची बाजू न्यायचा. टेकवायचा नाही, नुसती धग घ्यायचा. एका ठिकाणी हात थबकला. बाकीची बेअरिंगं कोमट, हे मात्र चांगलंच तापलेलं. भोवती ग्रीसमध्ये माखलेलं भुसकट काळं पडलं होतं. त्यानं ते खरवडून काढलं, बेअरिंग बदललं आणि मगच पुढचं तास धरलं. शेतमालक आभाळाकडे बघत होता. पाऊस आला तर काय, ही त्याची धास्तीही खरीच होती.

साफसफाई म्हणजे ब्लोअरनं किंवा हवेच्या पाईपनं वरून खाली सगळं झाडून काढणं. वारा पडलेल्या कोरड्या दुपारी दिवसातून एकदा ती करून भागत नाही. काम संपल्यावरही यंत्र लगेच सोडून जाऊ नये. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पण तापलेलं लोखंड तापलेलंच राहतं आणि सांदीत धुमसणारा चुरा उशिरा पेट घेतो. म्हणून अर्धा तास तरी नजर ठेवावी, बॅटरीचा मेन स्विच काढावा आणि यंत्र सुडीजवळ किंवा गोठ्यालगत कधीच उभं करू नये.

आग लागलीच तर पहिली काही मिनिटंच हातात असतात. पावडरचा अग्निशामक एक चालकाजवळ हवा, दुसरा जमिनीवरून हात पुरेल असा. बांधावर पाण्याचं बॅरल आणि नांगर जोडलेला ट्रॅक्टर असला तर पेटत्या धसकटापुढे माती उलटून आग अडवता येते. यंत्र मात्र आवरेनासं झालं की सोडून दूर व्हावं.

हे सगळं चालकावर ढकलून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. त्याला पैसे एकरावर मिळतात. थांबलेला प्रत्येक क्षण त्याच्या खिशातून जातो. मग थांबायला आपणच सांगायला हवं. दर ठरवताना अग्निशामक दाखवायला सांगा, दुपारच्या सफाईची वेळ तेव्हाच ठरवून घ्या. ती वेळ कापणीचाच भाग आहे. तेवढ्या वेळात एखादा एकर मागे पडेल, पण उभं पीक आणि माणूस दोन्ही वाचतील.