लाइट गेली, आता माशांचं काय?

हॉलमध्ये पाच बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आणायची ठरली की पहिली चर्चा होते ती मासे कोणते घ्यायचे याची. मग वाळू की रंगीत खडे, मागे निळा कागद की काळा. फिल्टर आणि हीटर यांचा नंबर लागतो अगदी शेवटी, खिसा हलका झाल्यावर, आणि दुकानदार काढून देईल तो मुकाट्याने घेतला जातो. खरं तर पैसे आधी तिथे घालावेत आणि माशांनी खुशाल दोन महिने थांबावं. बाहेरून मापलं तर ही टाकी साडेपाचशे लिटरच्या वर भरते. काचेची जाडी, वरचा मोकळा काठ आणि तळाची वाळू सोडली तर पाणी उरतं ५०० लिटरच्या आसपास. काच, वाळू, स्टँड धरून जवळपास पाऊण टनाचा ऐवज. तो घरात कुठे ठेवायचा हे इमारतीच्या जाणकाराला विचारून ठरवावं, एवढं सांगून पुढे जातो.

खोक्यावरचे वॅट आणि लिटर सगळेच बघतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हे यंत्र बंद पडलं, किंवा बिघडून चालूच राहिलं, तर मासे किती तास तग धरतील? जिथे अधूनमधून देखभाल-दुरुस्तीच्या नावाखाली दिवसभर वीज बंद असते, तिथे या प्रश्नाला बगल देऊन चालत नाही.

फिल्टर म्हणजे कचरा गाळणारी गाळणी, असा सर्वसाधारण समज आहे. पण दिसणारा कचरा हा त्यातला सोपा भाग. खाण्यातल्या प्रथिनांमधला नको असलेला नायट्रोजन मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. पाणी नितळ दिसत असतानाही मासे वर येऊन धापा टाकतात ते बऱ्याचदा या न दिसणाऱ्या विषामुळे. पाण्याचा पीएच आणि तापमान वाढलं की ते आणखी जहाल होतं. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही वाईटच, कारण माशाच्या रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद ते हिरावून घेतं आणि रक्त तपकिरी पडतं. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे पुष्कळच सौम्य असतं आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे फिरत नाहीत. ते स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिक रिंगांवर, लाव्हा दगडावर चिकटून वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला जुना, मळका स्पंज मिळाला तर बराच वेळ वाचतो. तो स्पंज नळाखाली खळखळून धुणं म्हणजे वस्तीवर क्लोरीन ओतणं. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात बादलीत दोनदा पिळला की पुरे.

आता खोक्यावरचा आकडा. ‘तासाला २००० लिटर’ असं लिहिलेलं असतं ते आत रिंगा, स्पंज काही नसताना आणि पाणी वर चढवायचं नसताना. घरी बसवल्यावर तो वेग निम्म्यावरही येतो, आणि स्पंज तुंबत गेला की आणखी घटतो. खरा वेग काढायला कुठलंही उपकरण लागत नाही. परतीचा पाइप दहा लिटरच्या बादलीत सोडायचा आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. बादली वीस सेकंदांत भरली तर तासाला १८०० लिटर. मोठ्या टाकीत तासाला एकूण पाण्याच्या चार-पाच पट फिरलं तर ठीक. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नसारखे घाण करणारे खादाड मासे असतील तर जास्त हवं. पाचशे लिटरला म्हणजे प्रत्यक्षात दोन-अडीच हजार.

काचेवर लटकवायचा फिल्टर, झाकणातला टॉप फिल्टर, आतला छोटा पॉवर फिल्टर ही सगळी लहान टाक्यांची माणसं. खडीखालचा फिल्टर तर मोठ्या टाकीत घालूच नये. वर्षभरात खाली साचलेला गाळ काढायला सगळी टाकी उपसावी लागते. खरी निवड उरते कॅनिस्टर आणि संप यांत.

कॅनिस्टर म्हणजे स्टँडच्या कपाटात राहणारा बंद डबा. पाणी एका नळीने खाली येतं, स्पंज-रिंगांच्या थरांतून जातं, पंप ते दुसऱ्या नळीने वर पाठवतो. जर्मनीच्या एहाइम कंपनीमुळे १९६० च्या दशकापासून ही पद्धत घरोघरच्या टाक्यांना लागली. आवाज नाही, पसारा नाही. पण बंद डबा हाच त्याचा कच्चा दुवा. लाइट गेली की आतलं पाणी थांबतं, जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन काही तासांत संपवतात आणि मग स्वतःच मरू लागतात. संध्याकाळी लाइट आली आणि कॅनिस्टर आपोआप सुरू झाला की ते कुजकं पाणी सरळ टाकीत. म्हणून बराच वेळ वीज नसेल तर प्लग काढून ठेवावा, आणि सुरू करण्याआधी डबा उघडून पाणी फेकून द्यावं. जमत असेल तर एका मोठ्या कॅनिस्टरऐवजी दोन मध्यम घ्यावेत. आलटून पालटून धुता येतात. एक रुसला तरी दुसरा निम्मा संसार ओढतो.

संप ही टाकीखाली ठेवलेली दुसरी, उघडी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोतून खाली पडतं, कप्प्याकप्प्यातून जातं, शेवटच्या कप्प्यातला पंप ते वर ढकलतो. एकूण पाणी वाढतं, हवा मिळते, मीडिया (स्पंज, रिंगा) हवा तेवढा मावतो, हीटरही तिथेच लपतो. पाच फुटांच्या पुढे माझं मत संपच्या बाजूने. मात्र त्याची परीक्षाही लाइट गेल्यावरच होते. पंप थांबला की परतीच्या पाइपाचं तोंड जेवढं पाण्यात बुडालेलं असेल, तिथपर्यंतचं पाणी सायफनने उलटं खाली उतरतं. पाच बाय दोनच्या टाकीत एक सेंटिमीटर उंचीचं पाणी म्हणजे नऊ लिटर. तोंड पाच सेंटिमीटर खोल असेल तर पंचेचाळीस लिटर पाणी संपमध्ये येणार, आणि तिथे जागा नसेल तर फरशीवर. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवतात आणि पाइपाला वर बारीक भोक पाडतात, हवा शिरून सायफन तुटावा म्हणून. ते भोक शेवाळाने बुजतं. पाइपात एकेरी झडप बसवली तर तिच्यात गोगलगाय अडकते. टाकी पहिल्यांदा भरल्यावर मुद्दाम प्लग उपटून संप कुठवर भरतो ते बघावं आणि तिथे मार्करने रेघ मारावी.

इन्व्हर्टरवर काय घ्यायचं, याचं उत्तर हिशोबातच आहे. फिल्टरचा पंप साधारण पंचवीस-पन्नास वॅटचा. तो किंवा निदान एअर पंप इन्व्हर्टरवर आरामात चालतो. हीटर तीन-चारशे वॅटचा, तो बॅटरी खाऊन टाकेल, आणि त्याची तातडीही नसते. ५०० लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. एवढी उष्णता पोटात धरलेलं पाणी पुण्याच्या जानेवारीतल्या रात्रीही दोन-चार तासांत फार उतरत नाही. लाइट गेल्यावर आधी मारतं ते गुदमरणं.

हीटरचा धोका नेमका उलटा असतो: तो बंद पडण्यापेक्षा चालू राहिला तर जास्त नुकसान. थर्मोस्टॅटची पट्टी चिकटली की चारशे वॅटचा हीटर दीड तासाला साधारण एक अंश चढवत राहतो. वेळीच लक्ष गेलं नाही तर मासे गेलेले. त्याऐवजी दोनशेचे दोन घेतले तर एक अडकला तरी पाणी दुप्पट सावकाश तापतं, आणि तापत जाईल तशी उष्णता बाहेरही जास्त निसटते. एक मेला तर दुसरा निभावून नेतो. त्यावर बाहेरचा तापमान नियंत्रक लावला तर दुहेरी राखण. मोठा ऑस्कर शेपटीच्या फटक्याने काचेचा हीटर फोडू शकतो. तिथे जाळी लावावी किंवा टायटेनियमचा घ्यावा. हीटर नेहमी वाहत्या पाण्यात असावा, आणि पाणी बदलण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बंद. गरम काच उघडी पडून गार पाणी लागलं की तडकतेच. वायरीला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल, आणि त्या लाइनवर वीज गळली की ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. याबाबतीत मी काटकसर मान्य करत नाही.

हीटर लागतोच असंही नाही. मुंबई-कोकणात एंजल आणि ऑस्कर वर्षाचा बहुतेक काळ त्याच्याशिवाय मजेत राहतात; २८ ते ३० अंश मागणाऱ्या डिस्कसला तो हवा. नाशिक-पुण्याकडे हिवाळ्यात रात्र-दिवसाच्या तापमानात मोठा फरक पडतो आणि पाणी खालीवर झालं की पांढऱ्या ठिपक्यांचा आजार डोकं वर काढतो. गोल्डफिशला हीटर नकोच. केरळच्या सह्याद्रीतल्या ओढ्यांमधला ‘मिस केरळ’ही गार, खळाळत्या पाण्यातलाच जीव.

विदर्भात प्रश्न एप्रिल-मेच्या उकाड्याचा. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. त्यात संपमधला पंप स्वतःचे सगळे वॅट पाण्यातच सोडत असतो. तिथे झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावावा. एक लिटर पाणी उडून गेलं की पाचशे लिटरची टाकी एका अंशाहून थोडी जास्त थंड होते. नागपूरच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं, रत्नागिरीच्या दमट हवेत कमी. हिवाळ्यात याच कारणाने झाकण घट्ट लावायचं. फक्त उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे रोज वरून दोन तांबे ओतले म्हणून आठवड्याचं पाणी बदलणं चुकत नाही.